मान हलवल्याचा आवाज

गल्लीत तिला सगळे चर्चाताई म्हणत. नाव नवऱ्यानेच पाडलेलं. कोणी विचारलं, "वहिनी काय करतात हो?" की तो म्हणायचा, "चर्चा. लोकांना गोल बसवते, प्रश्न विचारते आणि स्वतः गप्प बसते. घरी मात्र बरोबर उलटं." ऐकणारे हसायचे, तीही हसायची, आणि नाव जे चिकटलं ते चिकटलंच.

काम तसं सांगायला अवघडच. एखाद्या संस्थेला जाणून घ्यायचं असतं, की बायका दवाखान्यात वेळेवर का येत नाहीत, किंवा कामगार नोकरी सोडून का जातात. मग ज्यांचा प्रश्न त्यांच्यातलेच सात-आठ जण बोलवायचे, गोल बसवायचे आणि त्यांना आपापसांत बोलू द्यायचं. आपण फक्त मध्ये मध्ये एखादा प्रश्न टाकायचा. याला म्हणायचं गटचर्चा. ऐकताना वाटतं, यात काय एवढं. पण अनोळखी माणसासमोर, रेकॉर्डिंगचं यंत्र चालू असताना, मनातलं कोण बोलतं? घरात तरी कोण बोलतं?

ती या कामात आली ती टाइपिंगच्या दारातून. कार्यालयात कानाला हेडफोन लावून बसायचं, दुसऱ्यांनी घेतलेल्या चर्चा ऐकायच्या आणि शब्द न् शब्द टाइप करायचा. वर्षानुवर्षं तेच. ऐकून ऐकून तिला कळायला लागलं, कुठे काय बिघडतं ते. एखादी बाई खाकरते, श्वास घेते, आता बोलणार असं वाटतं, आणि नेमका तेव्हाच प्रश्न विचारणारा पुढच्या प्रश्नावर उडी मारतो. ती खाकरलेली बाई मग शेवटपर्यंत बोलत नाही. अशा वेळी चर्चाताईचा जीव वरखाली व्हायचा. "अरे थांब ना जरा," ती हेडफोनमधल्या माणसाला म्हणायची. शेजारच्या टेबलावरची विचारायची, "कोणाशी बोलतेस गं?" "आहे एक बहिरा," ती म्हणायची.

एकदा चर्चा घेणारा आजारी पडला, ऐन वेळी कोणी मिळेना, म्हणून हिला पाठवलं. ती गेली आणि तिने फक्त एक केलं: थांबली. बायका खाकरल्या की थांबली, रडल्या की थांबली. परत आल्यावर कार्यालयाच्या मोठ्या बाईंनी ते रेकॉर्डिंग ऐकलं आणि म्हणाल्या, "आता टाइपिंगला मी दुसरी कोणीतरी बघते."

तेव्हापासून तिची तयारी ठरलेली. खोली कामाच्या ठिकाणापासून लांबची हवी, वरच्या माणसाच्या नजरेत येणार नाही अशी. खुर्च्या सगळ्या एकसारख्या, तिचीही तसलीच. मध्ये टेबल नको, टेबल आलं की त्याला एक वरचं टोक येतं आणि तिथे कोणीतरी साहेब होतो. रेकॉर्डरखाली घडी केलेला रुमाल, म्हणजे खुर्ची सरकल्याची घरघर त्यात जात नाही. पंखा आवाज करत असेल तर बंद, आणि घाम आला तर आपल्यालाही येऊ दे. साहेब आणि त्याच्या हाताखालचं माणूस एका गटात कधीही बसवायचं नाही. कोणाला नाव घेऊन "तुम्ही बोला ना" म्हणायचं नाही, कारण गप्प बसणं हाही ज्याचा त्याचा हक्क. अटी कागदावर देऊन सही घेऊन मोकळं व्हायचं नाही. मोठ्याने वाचायच्या, समजल्या का विचारायचं, नको वाटलं तर केव्हाही उठून जा, कारण कोणी विचारणार नाही, हे दोनदा सांगायचं. आणि शेवटी ते वाक्य, जे म्हणताना ती सगळ्यांच्या डोळ्यांत बघायची: "इथलं बोलणं इथेच राहील."

आणखी एक सवय होती. रेकॉर्डरला डोळे नसतात. म्हणून कोणी मान हलवली, हात वर केला, की ती तोंडाने म्हणायची, "सगळ्याच मान हलवताहेत," म्हणजे टाइप करणारीला कळावं. टाइपिंगमधून आल्यामुळे हे तिच्या अंगात मुरलं होतं.

ज्याचं दुःख ज्याच्या तोंडून बाहेर येतं, तिथे त्या वेळी देव बसलेला असतो, असं ती मनोमन मानायची. बोलून दाखवायची नाही. मोठ्या बाई हसल्या असत्या.

मग ती सेविकांची चर्चा आली.

शहराच्या कडेला म्हाताऱ्या माणसांची एक निवासी संस्था होती. चार मजली, स्वच्छ, बाहेर गुलाबांचे वाफे. तिथे शिकवून तयार केलेल्या सेविका वर्षभरात सोडून जात. का जातात, हे संस्थेला पैसा पुरवणाऱ्यांना हवं होतं. चर्चाताईने दोन रस्ते पलीकडच्या वाचनालयाची वरची खोली मिळवली. आठ सेविका ठरवल्या, सगळ्या एकाच पायरीवरच्या. मेट्रनबाईंना सांगितलं, कोण येणार हे आम्ही कोणाला सांगत नाही, तुम्हीही विचारू नका. मेट्रनबाई गोड हसून म्हणाल्या, "छे हो, मी कशाला विचारू?"

त्या दिवशी दोघी आल्या नाहीत, त्यांच्या पाळ्या ऐन वेळी बदलल्या होत्या. सहा जणी बसल्या. कमी माणसांची चर्चा पैसा देणारे धरत नाहीत, मोठ्या बाईंनी फोनवर बजावलं होतं. एवढ्यात दारातून एक तरतरीत बाई डोकावली. "मी बसू का? मीही तिथलीच आहे."

"तुम्ही यांच्यापैकी कोणाच्या वरच्या नाही ना?" चर्चाताईने विचारलं.

"मी कसली वरची? भांडारात असते. चादरी मोजून देते, मोजून घेते."

सेविकांमधली एक दणदणीत आवाजाची होती, तिला सगळ्या तोफ म्हणत. ती म्हणाली, "बसा, बसा. तुम्हाला नाही कोण म्हणणार?" दोघी-तिघी खाली बघून हसल्या. चर्चाताईला वाटलं, थट्टा चालली आहे, म्हणजे मोकळं वातावरण आहे, बरंच झालं. तिने खुर्ची पुढे केली.

हुद्दा विचारला. नातं विचारलं नाही. भांडारवाली मेट्रनबाईंची सख्खी भाची होती.

चर्चा सुरू झाली आणि सगळं कसं गुळगुळीत चाललं. काम आवडतं, म्हातारे आशीर्वाद देतात, पाय दुखतात थोडे. तोफ, जी जिन्यावर एवढी गडगडत आली होती, ती नुसतीच "हो, बरोबर" म्हणत होती. चर्चाताईला कळेना, बिनसलंय कुठे. तिने प्रश्न बदलून पाहिला. "रात्रपाळीत सगळ्यात जड काय जातं?"

कोणी बोलेना. ती थांबली.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक बारीक अंगाची, चाळिशीची बाई होती. चालणं हळू, बोलणं हळू, म्हणून तिला हळूबाई नाव पडलेलं. ती कायम रात्रपाळीला. भांडारवाली दिवसाची, आणि आलीही नुकतीच, त्यामुळे ती कोणाची कोण हे सगळ्यांना ठाऊक, हळूबाईला नव्हतं. हळूबाई खाकरली.

चर्चाताई थांबली. तिच्यासारखं थांबणं कोणाला जमत नसे.

"गाठ मारणं," हळूबाई म्हणाली.

तोफेने मान वर केली.

"एक आजोबा आहेत. त्यांचं दुकान होतं. रात्री उठतात नि दुकान उघडायला निघतात. एकदा पडले, कपाळ फुटलं. अख्ख्या मजल्याला रात्री एकच बाई असते, ताई. मी एकाला पाणी देत असले की दुसरा खाली. मग आम्ही बांधतो. चादरीच्या काठाने, मनगट पलंगाला. सगळ्याच बांधतो. दुसरं काय करणार? मऊ बांधते मी, दोन बोटं जातील अशी. आजोबा म्हणतात, बाई, सोड गं, गिऱ्हाईक उभं आहे. मी म्हणते, आज सुट्टी आहे आजोबा. रोज तेच सांगते. घरी जाऊन झोप येत नाही मला. म्हणून बायका सोडून जातात, ताई. पाय दुखतात म्हणून नाही."

सगळ्यांनी मान हलवली. तोफेने हलवली, तिच्या शेजारचीने हलवली, एकीने तर डोळे मिटून कितीतरी वेळ हलवली. आणि चर्चाताई, जी कधी चुकत नसे, ती त्या वेळी बोलली नाही. आता तोंड उघडलं तर हे मोडेल, असं तिला वाटलं. देवळात असताना कोणी मोठ्याने बोलू नये, तसं. तिने माना हलताना पाहिल्या आणि गप्प राहिली.

भांडारवाली चादरीसारखी घडी घालून बसली होती, हात मांडीवर. तिनेही मान हलवली होती का, हे पुढे चर्चाताईला कितीदा आठवून पाहिलं तरी आठवलं नाही.

त्या दिवशी घरी जाताना तिचं पाऊल हलकं होतं. नवऱ्याला म्हणाली, "आज एक बाई खरं बोलली."

"बाकीच्या?"

"बाकीच्यांनी ऐकलं."

आठवडा उलटायच्या आत हळूबाई कार्यालयात आली. बाकावर बसली आणि तिने पदर सारखा केला.

"मला काढलं, ताई. म्हाताऱ्यांना बांधते म्हणून."

चर्चाताईने विचारलं, "कोणी सांगितलं त्यांना?"

"भांडारातली मेट्रनबाईंची भाची आहे. मला आत्ता कळलं. बाकीच्यांना माहीत होतं म्हणे." ती जराशी हसली. "मला कोण सांगणार? मी रात्रीची."

"पण सगळ्याच बांधतात."

"मेट्रनबाईंनी विचारलं सगळ्यांना. एकेकीला बोलावून. सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. आता काढल्याच्या चिठ्ठीवर काय लिहिलंय माहीत आहे? रुग्णांशी क्रूर वागणूक. या चिठ्ठीवर मला कुठे उभं करतील?" तिने श्वास घेतला. "मी भावाकडे राहते, ताई. नोकरी होती तोवर ती खोली माझी होती. तुमच्या त्या यंत्रात आहे ना सगळं? मी आम्ही म्हणाले होते. आम्ही बांधतो. आणि सगळ्यांनी माना हलवल्या. तेवढं त्यांना ऐकवा. मला दुसरं काही नको."

"बघते," चर्चाताई म्हणाली. खरं तर तेव्हाच म्हणायला नको होतं.

ती गेल्यावर तिने हेडफोन लावले. हळूबाईचा आवाज स्वच्छ होता, गाठ मारणं, दुकान, गिऱ्हाईक, सगळं. "सगळ्याच बांधतो," हेही होतं. आणि त्यानंतर काही नव्हतं. रस्त्यावरून एक गाडी गेली. कोणाची तरी बांगडी वाजली. मग चर्चाताईचाच आवाज, "आणखी कोणाला काही सांगायचंय?" आणि आणखी कोणाला काही सांगायचं नव्हतं. तिने तो तुकडा पुन्हा लावला, पुन्हा लावला. मान हलवल्याचा आवाज होत नाही. ऐकणाऱ्याला एवढंच कळलं असतं, की एका बाईने कबूल केलं आणि बाकीच्या हबकून गप्प बसल्या.

मोठ्या बाईंनी ऐकून घेतलं. "रेकॉर्डिंग कोणालाही द्यायचं नाही. तूच वाचून दाखवतेस ना हे वाक्य? त्या बाकीच्या पाच जणींचा काय गुन्हा? आणि तू म्हणतेस तसं असेल, तर दिलंस तरी तिचाच गळा आवळला जाईल."

"आपण जाऊन सांगू मेट्रनबाईंना, की आम्ही पाहिलं."

"म्हणजे बाकीच्या पाचही जातील. कोणी काय केलं हे तू सांगणार? तू?" मोठ्या बाईंचा आवाज खाली आला. "भांडारवालीला आत घेतलं कोणी?"

"मी."

"माणसं कमी होऊ देऊ नकोस असं मीच म्हटलं होतं," मोठ्या बाई म्हणाल्या. एवढं म्हणून त्यांनी कागद पुढे ओढले. ते त्यांनी म्हटलं याचं चर्चाताईला बरं वाटलं, पण त्याचा उपयोग कोणालाच नव्हता.

घरी ती देवापुढे उभी राहिली आणि काय मागावं ते सुचेना. एकीसाठी मागितलं तर पाचांवर जात होतं. शेवटी नुसताच नमस्कार केला आणि वळली. नवरा म्हणाला, "जेवत का नाहीस?" तिने सांगितलं नाही. इथलं बोलणं इथेच. तेवढं तरी तिच्याकडून मोडायला नको होतं.

एकच वाट दिसत होती. त्या सेविकांनी आपणहून तोंड उघडलं तर. सगळ्या एकदम बोलल्या तर सगळ्यांना कसं काढतील? हे तिला इतकं साधं वाटलं, की ती रविवारी तोफेच्या घरी गेली.

तोफ चाळीच्या व्हरांड्यात कपडे वाळत घालत होती. चर्चाताईला बघून तिच्या हातातलं झबलं तसंच राहिलं. आधी तिने दोन्ही बाजूंच्या दारांकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाली, "ताई, तुम्ही इथे कशाला आलात?"

"तिच्यासाठी. तुम्ही सगळ्या मिळून खरं सांगितलंत तर..."

"माझा पत्ता कुठून मिळाला?"

"तुम्हीच दिला होतात. चर्चेच्या आधी."

"तो ह्यासाठी दिला होता?" तोफेने झबलं दोरीवर टाकलं, चिमटा लावला. "इथलं बोलणं इथेच राहील म्हणालात. मी तर बोललेसुद्धा नव्हते. तरी तुम्ही दारात आलात. पलीकडच्या खोलीत आमच्याकडचीच एक राहते, ती बघत असेल आत्ता. उद्या मला मेट्रनबाई विचारतील, संशोधनवाली तुझ्याकडे का आली होती. मी काय सांगू?"

आयुष्यभर चर्चाताई दुसऱ्यांच्या उत्तरासाठी थांबली होती, आता तोफ तिच्यासाठी थांबली.

"तिचं वाईट वाटतं हो," तोफ म्हणाली. आवाज जरा उतरला होता. "मी बसा म्हणाले त्या भाचीला, ते टोमण्यात म्हणाले. वाटलं, तुम्हाला समजेल. शिकलेल्या आहात."

"नाही समजलं."

"आमच्यातल्या सगळ्यांना समजलं होतं." तिने बादली उचलली. "आता हुकूम निघालाय. कोणालाही बांधायचं नाही. बाई मात्र एकही वाढवली नाही. परवा दुकानवाले आजोबा पडले. खुब्याचं हाड गेलं. आता ते उठत नाहीत, म्हणजे तसा प्रश्नच मिटला. जा ताई. आणि बाकीच्यांकडे जाऊ नका. पाया पडते."

चर्चाताई बाकीच्यांकडे गेली नाही.

हळूबाईला निदान तोंडाने सांगायला हवं होतं. फोनवर सांगणं तिला हलकटपणाचं वाटलं. भावाचं घर एका अरुंद रस्त्यावर, दुमजली, खाली शिलाईचं दुकान. भावजयीने दार उघडलं. "वन्सं, तुमच्याकडे कोणी आलंय," ती आत बघून म्हणाली, आणि पाहुणीकडे वळून, "बसा. जागा करून बसा, जरा पसारा आहे."

पसारा म्हणजे कापडाचे गठ्ठे. बाहेरच्या खोलीत दिवाणाच्या टोकाला गुंडाळलेली वळकटी आणि एक पत्र्याची पेटी होती. आतल्या खोलीचं दार उघडं होतं, तिथे नवं शिलाई मशीन मांडलेलं दिसत होतं आणि एक मुलगी काजं करत बसली होती.

हळूबाई आली, समोर बसली. चर्चाताईने सगळं सांगितलं. रेकॉर्डिंगमध्ये काय आहे ते, काय नाही ते, आणि ते का देता येत नाही ते. कोणाकडे गेली होती, हे मात्र सांगितलं नाही.

"माना हलवल्या होत्या त्यांनी," हळूबाई म्हणाली.

"हो. मी पाहिल्या."

"तुम्ही पाहिल्यात ना. मग झालं." झालं म्हणजे काय, हे चर्चाताईला विचारवलं नाही.

"आजोबा कसे आहेत?" हळूबाईने विचारलं. "तुम्हाला काही कळलं?"

चर्चाताईने पाण्याचा पेला उचलला, एक घोट घेतला, खाली ठेवला. "माझं त्या बाजूला जाणं झालं नाही," ती म्हणाली. इतक्या वर्षांत एवढं सरळ खोटं ती पहिल्यांदाच बोलली असेल.

हळूबाईने तिच्याकडे पाहिलं, मग पेल्याकडे पाहिलं. जो माणूस रात्रभर आजारी माणसांचे चेहरे वाचतो, त्याला काय सांगायचं असतं.

"माझ्या ओळखीत एक घर आहे," चर्चाताई घाईने म्हणाली. "नवरा-बायको दोघं नोकरीवाले, आई अंथरुणाला खिळलेली. चांगली माणसं आहेत. चिठ्ठी वगैरे बघणार नाहीत, मी शब्द टाकला तर. राहायची खोलीही देतील."

"तुमच्या ओळखीचं नको, ताई."

"का?"

हळूबाईने लगेच उत्तर दिलं नाही. चर्चाताई थांबली, आणि थांबल्या थांबल्या तिच्याच लक्षात आलं, की आपण थांबलोय. हळूबाईच्याही ते लक्षात आलं असावं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. दमलेलं माणूस दिवा मालवायला सांगतं, तसं ती म्हणाली, "तुमच्यासमोर बोलावंसं वाटतं. मला आता बोलायचं नाही कोणाशी."

आतून मशीनचा आवाज सुरू झाला, थांबला. भावजयीने स्वयंपाकघरातून विचारलं, "वन्सं, चहा टाकू का? का पाहुण्या निघाल्या?"

चर्चाताई अजून बसलेलीच होती. पिशवीही अजून हातात घेतली नव्हती.

"निघाल्यात," हळूबाई म्हणाली, आणि मांडीवरचा कापडाचा तुकडा उचलून त्याची घडी घालू लागली.